झबल्यावरचं नाव

सेलविकमध्ये मूल जन्माला आलं की पहिले दोन-अडीच महिने त्याला नाव नसतं. म्हणजे ठरलेलं असतं, पण चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी ते उच्चारलं जाईपर्यंत कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. तोवर मुलगी असेल तर 'छोटी' आणि मुलगा असेल तर 'छोट्या'. कुणाच्या चुलीवर कॉड मासा शिजतोय आणि कुणाच्या हॅडॉक, हे ज्या गावाला नुसत्या वासावरून कळतं, त्या गावात एवढी एकच गोष्ट गुपित राहते. म्हणून लोक तिला फार जपतात.

तरीही स्वालाच्या छोटीचं नाव काय असणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"स्टेनवोर! दुसरं काय असणार?" उन्नुर रोज सकाळी म्हणायची. गावच्या पोहण्याच्या तलावाला लागून गरम पाण्याचा एक हौद आहे. सकाळी सात वाजता गावातली निवृत्त मंडळी त्यात मानेपर्यंत बुडून बसतात आणि जगाचा न्याय करतात. उन्नुर ही त्या न्यायालयाची मुख्य न्यायाधीश.

"हळू बोल गं," शेजारी बसलेली खरी स्टेनवोर, स्वालाची आत्या, म्हणायची. "बारशाआधी नाव तोंडातून काढू नये."

"मी तुझं नाव काढलं. तुझं तर बहात्तर वर्षांपूर्वीच ठेवलंय ना?"

यावर हौदातले सगळे हसायचे. स्टेनवोरही गालातल्या गालात हसायची आणि हनुवटी पाण्यात बुडवून लपवायची. ज्या बाईने अडतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात खालून उजेड मारलेल्या टेबलावर माशाच्या मांसातले काटे शोधले, तिला आनंद लपवायची जागा एवढीच ठाऊक होती.

स्टेनवोर हे नाव तसं जुनं, फार जुनं. आता अख्ख्या खाडीत ती एकटीच त्या नावाची उरली होती. या नावाची पहिली बाई कोण, हे सेलविकच्या पोरांना दात यायच्या आत सांगितलं जातं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी दोन भाऊ आणि एक बहीण एका होडीतून या खाडीत उतरले. जागा अरुंद, गवत थोडं. भाऊ म्हणाले, आम्ही पलीकडची खाडी बघून येतो, तू कड्यावर जाळ पेटता ठेव, म्हणजे परतताना वाट चुकायची नाही. पलीकडच्या खाडीत गवत कमरेइतकं होतं. भाऊ तिथेच राहिले. इकडे बहीण जाळ घालत राहिली. वाहून आलेलं लाकूड संपलं तेव्हा तिने पलंग जाळला, पलंगानंतर दार जाळलं. सगळा हिवाळा बिनदाराच्या घरात काढला, पण जाळ विझू दिला नाही. वसंतात भाऊ आले ते तिला न्यायला नव्हे. त्यांच्याकडचा विस्तव विझला होता, म्हणून निखारे मागायला आले होते. तिने दोघांना जेवू घातलं, मडकं भरून निखारे दिले आणि विचारलं, "पाहुणे कुठले म्हणायचे?" त्यानंतर मरेपर्यंत तिने त्या दोघांना भाऊ म्हटलं नाही.

एवढीच गोष्ट. कुणी तलवार उपसत नाही की कुणी मरत नाही. दुसऱ्या खाडीतले लोक आमच्या गोष्टीला नाकं मुरडतात, कारण त्यांच्या गोष्टींत पहिल्या पानावरच तीन मुडदे पडतात. पण सेलविकच्या माणसाला खरं दुखावायचं असेल ना, तर त्याला शिव्या देऊ नका. त्याच्याशी पाहुण्यासारखं वागा.

आपल्या स्टेनवोरला हे नाव मिळालं ते अपघातानेच. एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत, घाटावर पाच हात बर्फ साचलेलं असताना ती दीड महिना आधीच जन्माला आली. रंग निळा, रडणं नाही. पाळक येणं शक्य नव्हतं. आजीने स्वयंपाकघरातला स्कीर, म्हणजे आमचं घट्ट दही, विरजायचा वाडगा घेतला, कोमट पाणी ओतलं आणि तिथल्या तिथे घाईचा बाप्तिस्मा उरकला. आईने मुलीसाठी 'हेल्गा' ठरवलं होतं. पण त्या घटकेला आजीच्या तोंडून निघालं ते आजीचं स्वतःचंच नाव. पोर जगली. आईने मात्र वर्षभर तिला त्या नावाने हाक मारली नाही. 'छोटी'च म्हणत राहिली. पुढे शेजारपाजारचे म्हणतात म्हणून तीही म्हणायला लागली, पण शेवटपर्यंत त्या हाकेत दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखा एक अवघडलेपणा राहिला.

आणखी एक गोष्ट राहून गेली. घरात बाप्तिस्म्याचं एक पांढरं झबलं होतं, आजीने आपल्या लग्नातल्या परकराचं शिवलेलं. ते घातलेल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि वर्ष त्याच्या झालरीवर निळ्या दोऱ्याने भरलेलं असायचं. एकोणीसशे तेवीस सालापासून आजवर अकरा नावं झाली होती. स्टेनवोर त्यात नव्हती. तिचं बारसं वाडग्यात झालं होतं ना, टॉवेलात गुंडाळून.

तिचं लग्न झालं नाही. दोनदा होता होता राहिलं, आणि त्याची कारणं उन्नुर तुम्हाला हौदात बसून सांगेल. मी कशाला सांगू? पण घर रिकामं राहिलं नाही. भाऊ ओद्दुर याची बायको गेली तेव्हा त्याची मुलगी स्वाला चार वर्षांची होती. ओद्दुर तिला बहिणीच्या दारात सोडून नॉर्वेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. "नाताळपर्यंत येतो," म्हणाला. कुठला नाताळ ते सांगितलं नव्हतं. सहा नाताळांनंतर आला तो नवी बायको घेऊन, चार दिवसांसाठी.

स्वालाला स्टेनवोरनेच वाढवलं. तिच्यासाठी खुंटीवर एक पिवळा कप टांगला. त्याचा कान पहिल्याच आठवड्यात फुटला, पण स्वालाने दुसरा कप घेऊ दिला नाही. 'स्टेन' म्हणजे दगड. त्यावरून शाळेत कुणीतरी "तुझ्या आत्याचं नाव म्हणजे दगडधोंडा" असं चिडवलं तेव्हा नऊ वर्षांच्या स्वालाने त्याचं नाक फोडलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "आत्या, मला मुलगी झाली की तिचं नाव स्टेनवोर. शप्पथ!"

"आधी त्या पोराच्या आईची माफी मागून ये," आत्या म्हणाली. पण ती शप्पथ तिने मनात नीट घडी घालून ठेवली.

स्वाला राजधानीत शिकली, पर्यटनाचं की कसलंसं. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि तीन वर्षांपूर्वी ती ओर्री नावाचा नवरा घेऊन परत आली. ओर्री मोठा बोलका, दाढी राखलेला, आणि त्याच्या तोंडी सदा 'वारसा' हा शब्द. मिठात बुडवलेलं मेंढीचं डोकं दिसलं तरी म्हणायचा, "वारसा!" दोघांनी कारखान्याची रिकामी इमारत घेतली आणि तिथे प्रवाशांसाठी अतिथीगृह करायला घेतलं. स्टेनवोर ज्या टेबलापाशी अडतीस वर्षं उभी होती तिथे आता स्वागतकक्ष येणार होता.

"बरंय," स्टेनवोर म्हणाली. "निदान आता कुणीतरी तिथे बसेल तरी."

मग स्वालाला दिवस गेले. पोट दिसायला लागल्यापासून ती दर रविवारी आत्याकडे यायची, पिवळ्या कपातून कॉफी प्यायची आणि म्हणायची, "आत्या, ती गोष्ट सांग ना परत." फोन टेबलावर ठेवून तिने ती गोष्ट दोनदा आत्याच्याच आवाजात भरून घेतली. दार जाळलं ते आधी की पलंग आधी, जाळ नेमका कड्याच्या कुठल्या टोकावर होता, सगळं विचारून घेतलं. आजीच्या वाडग्याची गोष्टही घेतली. आता मुलीसाठी नाही तर कशासाठी विचारणार, सांगा. नाव विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. पण नावाची गोष्ट विचारायला कुठे बंदी आहे? स्टेनवोरला वाटलं, पोरगी मोठी हुशार. न सांगता सांगतेय.

छोटी एप्रिलमध्ये झाली. स्टेनवोरने झबलं काढलं, धुतलं आणि मग आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मोडला. नाव भरायचं ते बाप्तिस्म्यानंतर. पण थंड पाण्यात अडतीस वर्षं घातलेली तिची बोटं आता सुई धरली की बंड करायची. एका अक्षराला दोन दिवस लागायचे. बारशानंतर बसले तर पोरगी शाळेत जाईपर्यंत संपायचं नाही, असा तिने हिशेब केला. म्हणून मे महिन्यात, खिडकीपाशी, झालर आतून उलटवून तिने सुरुवात केली आणि जूनच्या मध्याला निळ्या दोऱ्यात अकरा नावांपुढे बारावं नाव उभं राहिलं. स्टेनवोर. पुढे २०२३.

ती ते कितीतरी वेळ बघत राहिली. आपलं नाव त्या झालरीवर तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. मुलीला हातात धरून उभं राहण्याचा मान स्टेनवोरचा. पाळकबाईने विचारल्यावर नाव तिनेच सांगायचं. चर्चच्या दारात स्वालाने तिच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. "आत्या, यात आहे. तिथे गेल्यावरच उघड हं. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, चष्मा लागायचा नाही."

"मला चिठ्ठी कशाला?" स्टेनवोर म्हणाली.

स्वालाने तिच्या गालावर ओठ टेकवले आणि घाईघाईने पुढे निघून गेली. नजरेला नजर दिली नाही, हे स्टेनवोरला नंतर आठवलं.

पाळकबाई बेर्ग्लिंद याच गावची. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टेनवोरच्या हाताखाली कारखान्यात काटे काढायला असायची. तिने पाण्यात हात घातला, मुलीकडे बघून हसली आणि विचारलं, "या मुलीचं नाव काय, मावशी?"

स्टेनवोरने केवळ रीत म्हणून चिठ्ठी उघडली. अक्षरं खरंच मोठी होती, टपोरी, निळ्या शाईची.

एमिलिया.

पहिल्या बाकावर उन्नुर कान टवकारून बसली होती. छोटी हातात वळवळत होती. झालर स्टेनवोरच्या मनगटाला घासत होती, आणि त्या झालरीच्या आत तिने स्वतःच्या हाताने जे भरलं होतं ते मनगटाला टोचत असल्यासारखं वाटलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. पाळकबाईच्या कागदावर काय लिहिलंय ते कोण बघायला जातंय? भरल्या चर्चमध्ये, पाणी डोक्यावर पडताना जे नाव उच्चारलं जाईल तेच गाव धरणार. आजीने वाडग्यापाशी हेच तर केलं होतं. आजीला कुणी काही बोललं नव्हतं.

पण आईने वर्षभर हाक मारली नव्हती.

"मावशी?" बेर्ग्लिंद हळूच म्हणाली.

स्टेनवोरने मुलीकडे पाहिलं. आईने न ठेवलेलं नाव अंगावर घेऊन बहात्तर वर्षं चालणं काय असतं, ते त्या चर्चमध्ये फक्त तिलाच माहीत होतं.

"एमिलिया," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, खणखणीत.

उन्नुर जोरात खोकली. तिचा खोकला म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना कळतं.

कॉफीचा कार्यक्रम अतिथीगृहात होता. अजून रंगाचा वास जायचा होता. टेबलावर कोळंबीचा थरांचा खारा केक, धुरावलेलं मटण घातलेल्या चपट्या भाकऱ्या, मध्ये पीळ मारून तळलेल्या गोड क्लाइनुरचं ताट. त्या क्लाइनुर स्टेनवोरनेच तळल्या होत्या, दीडशे. लोक तिच्याजवळ येत होते, हात हातात घेत होते आणि नेमकं काय म्हणावं ते न सुचून क्लाइनुरचं कौतुक करत होते.

"अगं, एमिलिया म्हणजे ओर्रीच्या बाजूचं कुणी आहे का?" उन्नुर तिच्या कानात म्हणाली.

"मला काय माहीत?"

"बिस्किटाच्या डब्यावर असतं तसं नाव आहे."

"उन्नुर, भाकरी खा."

तेवढ्यात ओर्रीने चमच्याने कप वाजवला. "मंडळी! आज एक नाव तुम्ही ऐकलंत. आता दुसरं नाव बघायला बाहेर चला!"

सगळे कप हातात घेऊन बाहेर गेले. दारावर चादर झाकलेली एक मोठी पाटी होती. ओर्रीने दोरी ओढली आणि चादर खाली आली. पाटीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: स्टेनवोर. खाली एक बाई रंगवली होती. डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, हातात तलवार, केस वाऱ्यावर, आणि छाती अशी उघडी की तेवढ्या कपड्यात तिने आमच्याकडचा एक हिवाळासुद्धा काढला नसता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी टाळ्या वाजवताना स्टेनवोरकडे पाहिलं आणि हात मध्येच थांबवले.

"आत्या!" स्वालाने तिला मिठी मारली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हीच तर खरी अडचण. "तुझ्यासाठी! आता सगळं जग हे नाव घेईल."

"तुला शिंगं कधी फुटली गं?" मागून उन्नुरने विचारलं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

दाराशी छापील पत्रकांचा गठ्ठा होता. स्टेनवोरने एक उचललं. त्यात तिचीच गोष्ट होती. पलंग होता, दार होतं, कड्याचं टोकसुद्धा अगदी बरोबर होतं. फक्त शेवट दुसरा होता. वसंतात भाऊ आले तेव्हा स्टेनवोरने तलवार उपसली आणि दोघांची मुंडकी कड्यावरून खाली टाकली. खाली लिहिलं होतं: 'आमच्याकडे मात्र प्रत्येक पाहुण्याचं स्वागत आहे.'

तिने पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि भांडी विसळायला आत गेली. तिच्या मागोमाग स्वाला आली.

"आत्या, तू रागावलीस."

"नाही गं. बशा चिकट झाल्यात."

"रागावलीस. मला कळतं ना. तू रागावलीस की भांडी घासतेस."

"मग घासू दे की."

स्वाला तिच्या हातातली बशी काढून घेऊन पुसायला लागली.

"लहानपणी म्हणाले होते ते मी विसरले नाही," स्वाला शेवटी म्हणाली. "कितीदा तरी तुला सांगावंसं वाटलं, पण बारशाआधी बोलायचं नसतं…"

"हो ना. ते बरं सापडलं तुला."

"असं नको ना बोलूस."

"गोष्ट भरून घेताना बोलायचं होतं की. ते चालतं."

स्वालाचा चेहरा लाल झाला. मग ती भडाभडा बोलली. "ऐकायचंय तुला? पोटात होती तेव्हा रोज रात्री मी ते नाव मनात म्हणून बघायचे. प्रत्येक वेळी मला तू दिसायचीस. खिडकीपाशी बसलेली. बाबांची वाट बघणारी. कारखान्यातून एकटी येणारी. मग मी राजधानीत गेले तेव्हा माझी वाट बघणारी. ते नाव म्हणजे वाट बघणं आहे, आत्या! माझ्या मुलीने कुणाचा जाळ सांभाळत बसू नये, एवढंच मला हवं होतं."

स्टेनवोरने नळ बंद केला.

आत्तापर्यंत तिला वाटत होतं, पोरीला नाव जुनाट वाटलं असेल, नवऱ्याने भरीला घातलं असेल, सासूचा हट्ट असेल. त्या सगळ्या गोष्टी तिने मनातल्या मनात माफ करून टाकल्या होत्या, बशा घासता घासता, एकेक करून. पण ज्या पोरीसाठी तिने वाट बघितली तिनेच ती वाट बघणं लांबून पाहिलं होतं आणि ठरवलं होतं, की हे आपल्या मुलीला लागू नये. सर्दी लागू नये तसं.

"आणि पाटीवर?" तिने विचारलं. "पाटीला लागत नाही वाटतं?"

"पाटी वेगळी. लोकांना असल्या गोष्टी आवडतात. दुःखाच्या."

"मग शेवट का बदललास?"

"ओर्री म्हणाला, निखारे देऊन पाठवलं हे लोकांना कळत नाही. त्यात काही… घडत नाही."

"हं," स्टेनवोर म्हणाली. तिने हात पुसले, कोट घातला आणि जाताना मुलीच्या अंगावरचं झबलं मागून घेतलं. "डाग पडलाय. धुवून ठेवते."

दुसऱ्या दिवशी हौदात सगळं न्यायालय हजर होतं. उन्नुरने सुरुवात केली, "मी असते ना, तर चर्चमध्येच म्हटलं असतं, स्टेनवोर म्हणजे स्टेनवोर, बोंबला!"

"म्हणूनच तुझ्या हातात कुणी पोर देत नाही," स्टेनवोर म्हणाली.

हौद हसला. त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही, म्हणजे ती असताना तरी नाही.

घरी तिने झबलं धुतलं आणि खिडकीपाशी घेऊन बसली. नियमाप्रमाणे आता खरं नाव भरायचं आणि खोटं उसवायचं. आधी खरं भरलं. एमिलिया, २०२३. तीन आठवडे लागले. अक्षरं आधीच्या नावापेक्षा काकणभर सरळच आली. त्यानंतर तिने कात्री घेतली. 'स्टेनवोर'च्या पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं आणि थांबली. मग टोक काढून पुढे नेलं, आणि नाव सोडून फक्त पुढचे चार आकडे उसवले.

पुढे एका रविवारी स्वाला आली. कडेवर मुलगी, हातात बेकरीतून आणलेला केक. घरची माणसं या घरात केक घेऊन येत नसत.

"ये," स्टेनवोर म्हणाली. "आण तिला इकडे. काय गं एमिलिया?" मुलगी तिच्या नाकाला झोंबली. बारसं झाल्यापासून गावात सगळे अजून 'छोटी'च म्हणत होते, जिभेला वळण पडायचं होतं. पूर्ण नावाने हाक मारणारी स्टेनवोर पहिलीच.

स्वाला खुर्चीत बसली. जरा सैलावली. "आत्या, ओर्रीच्या मनात एक आलंय. झबलं काचेच्या पेटीत लावायचं, स्वागतकक्षात. तू उभी राहायचीस ना, बरोबर तिथे. शंभर वर्षांचा वारसा…"

स्टेनवोरने झबलं तिच्या मांडीवर ठेवलं. स्वालाने झालर उलटवली. बोट फिरवत ती नावं वाचत गेली. बापाचं आलं, तिचं स्वतःचं आलं. मग बोट थांबलं.

"स्टेनवोर," तिने वाचलं. "एकोणीसशे एक्कावन्न." मग तिने मान वर केली. "हे कधी भरलंस?"

"नाव मे महिन्यात. वर्ष काल पुरं झालं."

मे महिना म्हणजे काय, हे कळायला स्वालाला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. जुना दोरा उसवला होता तिथे कापडावर बारीक भोकांची एक ओळ राहिली होती. नवे आकडे तिच्यावर बसवले होते तरी ती झाकली गेली नव्हती. २०२३ कुणालाही वाचता आलं असतं.

"आत्या, तू मला काहीच बोलली नाहीस."

"बारशाआधी बोलायचं नसतं."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही पाटी लावलीत." स्टेनवोरने झबलं तिच्या मांडीवरून उचललं, घडी घातली. "हे काचेत जायचं नाही. पोरांच्या अंगावर घालायचं असतं हे. हिला भाऊबहीण झालं की ये न्यायला."

ती ओट्याकडे गेली. स्वाला मुलीला थोपटत तिच्या पाठीकडे बघत राहिली. कपाटाचं वरचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या दारामागे सोनेरी काठांचे सहा पातळ कप होते. पाळक आला, डॉक्टर आला, राजधानीहून कुणी आलं तर काढायचे. त्यातला एक स्टेनवोरने काढला, बशीत ठेवला, बशीत चमचा ठेवला, कॉफी ओतली आणि स्वालापुढे आणून ठेवला. साखरेचं भांडंही ठेवलं. स्वाला कॉफीत साखर घेत नाही हे तिला कैक वर्षं ठाऊक होतं.

स्वालाने कपाकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"माझा कप?"

"आहे की. खुंटीवर."

"फुटला का?"

"कान पहिल्यापासून फुटलेलाच आहे."

"मग?"

स्टेनवोर खुर्ची ओढून समोर बसली, हात मांडीवर ठेवून, पाळकासमोर बसतात तशी ताठ.

"घ्या ना," ती म्हणाली. "गार होईल."